मिठात उतरलेले मास्तर

काडीवाल्यांच्या नाकाबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्या सासऱ्यांपासून करायला हवी. कारण सासऱ्यांनी आधी ते नाक पसंत केलं आणि जावई मागाहून.

सासऱ्यांचं तंबाखूचे पाइप दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक लांबट खोली, पुढे काउंटर, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मुलगी मागायला आलेल्या त्या किडकिडीत पोराला त्यांनी ना चहा विचारला, ना पगार. पाच पाइप समोर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "यातला एक अजून साफ व्हायचाय. सांग कुठला." पोरानं पाचही हुंगले. पुन्हा हुंगले. मग भीत भीत म्हणाला, "एक नाही, दोन आहेत." सासरे चिडले, कारण चार पाइप त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केले होते. पोरानं दाखवलेला दुसरा उचलून त्यांनी नाकाशी नेला, पुन्हा एकदा नेला, आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, चहा टाक." लग्न ठरलं ते असं. आता बोला.

या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. सासरे गेले, दुकान जावयाकडे आलं, आणि गल्लीनं त्यांचं नाव काडीवाले ठेवलं. लोकांत काड्या घालत फिरायचे म्हणून नव्हे हो, असा नाकासमोर चालणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पाइपच्या नळीतून फिरवायच्या काड्या ते स्वतः वळायचे, बारीक तारेवर कापसाचा पीळ देऊन. बसल्या बसल्या वळायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना वळायचे, मुलीशी फोनवर बोलताना फोन मानेत धरून वळायचे. विकतच्या काड्या त्यांना चालत नसत. त्यांचा कापूस म्हणे आत सुटतो आणि नळीत बिऱ्हाड करून राहतो.

स्वतः मात्र त्यांनी जन्मात कधी पाइप ओढला नव्हता. गिऱ्हाइकांना याचं नवल वाटायचं. एकानं तर तोंडावर म्हटलं होतं, की पोहता येत नाही आणि होड्या बांधता. काडीवाले हसायचे आणि म्हणायचे, "ओढायला लागलो तर नाक बिघडेल. मग तुमच्या पाइपांचं कोण बघणार?"

खोटं नव्हतं ते. या कामात डोळे आणि हात निम्म्या वाटेपर्यंतच सोबत करतात. पाइप थंड असताना तोंडात धरायची नळी अलगद फिरवून काढायची. गरम असताना ओढली तर लाकडाच्या दांडीला चीर गेलीच म्हणून समजा. तंबाखू भरायच्या वाटीत जळून जळून काजळीचा थर बसतो, तो वाकड्या पात्यानं खरवडायचा, पण सगळा नाही. नाण्याच्या जाडीइतका ठेवायचा, कारण तोच लाकडाला जळू देत नाही. नळीतून स्पिरिटची काडी फिरवायची, ती कोरी बाहेर येईपर्यंत. रबराची नळी हिरवट पडली असेल तर बारीक पॉलिशकागद आणि वर तेलाचं बोट. आणि एखादा पाइप अगदीच आंबला असेल तर वाटीत जाडं मीठ भरायचं, त्यावर थेंब थेंब स्पिरिट सोडायचं आणि ठेवून द्यायचं. लाकडात मुरलेलं सगळं मीठ ओढून घेतं आणि चहासारखं तांबडं होतं. एवढं कुणालाही शिकता येईल. पण पुरे झालं की अजून हवं, हे फक्त नाक सांगतं, आणि ते नाक गल्लीत एकाच माणसाकडे होतं.

ते गेलं मागच्या हिवाळ्यात. साधी सर्दी, चार दिवसांचा ताप, त्यात काय एवढं. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. काडीवाल्यांनी आठ दिवस वाट पाहिली. वाफ घेतली, लवंग हुंगली, कांदा फोडून हुंगला. शेवटी स्पिरिटची बाटली उघडून थेट नाकाला लावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास काही आला नाही. बायकोला दाढ दुखतेय असं सांगून ते डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, येईल, किंवा नाहीही येणार, वयही झालंय आता. डॉक्टरांचं काय जातंय बोलायला.

कुणाला सांगणार? गिऱ्हाइकांना सांगितलं तर उद्यापासून दुकानाला कुलूप. मुलीला सांगितलं तर ती म्हणणार, बाबा, या आता माझ्याकडे, पुरे झालं. आणि बायकोला सांगायचं तर जीभच उचलेना. ती काही बोलली नसती, समजून घेतलं असतं तिनं. पण दुकान तिच्या वडलांचं. त्यांनी हे नाक बघून मुलगी दिली होती, आणि आता नाकच नाही म्हटल्यावर आपण या घरात कोण, असलं काहीतरी खुळ्यासारखं काडीवाल्यांच्या मनात येऊन बसलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण खुळेपणाला वय थोडंच असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवलं.

काम चालू ठेवलं. कसं, तर येईल त्या पाइपाला मीठ. आंबलेला असो नाहीतर नुसता मळलेला असो, एकदा नाही, तीन तीनदा. नाक नाही तर नाही, जादा साफ झाला म्हणून कुणी भांडायला येत नाही, असा त्यांचा हिशेब. एक गिऱ्हाईक म्हणालंही, की काडीवाले, आजकाल पाइप धुतल्या भांड्यासारखा लागतो. काडीवाल्यांनी हसून विषय बदलला. आठ महिने असे गेले, ताकास तूर लागू दिली नाही.

मग मास्तरांचा पाइप आला.

मास्तर म्हणजे शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर. संध्याकाळी शाळा सुटली की काउंटरपुढच्या स्टुलावर येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय सल्ले द्यायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या माघारी पहिल्या वर्षी त्यांची बायको पाइप घेऊन दुकानात आली. काडीवाले तिला वहिनी म्हणत. वहिनींनी रुमालाची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "ओढायला आता कुणी नाही. पण कपाटात राहून राहून याला बुरशीचा वास लागलाय. तेवढा काढा. त्यांचा राहू द्या."

दुसरा कुणी कारागीर असता तर त्यानं हात जोडून वाटेला लावलं असतं. काडीवाल्यांना मात्र बाई काय म्हणताहेत ते बरोबर कळलं. त्यांनी पाइप पाच दिवस ठेवून घेतला. एक कोरडी काडी, मऊ चिंधी, स्पिरिटचा एखादा थेंब, की लगेच नाकाशी. पुन्हा अर्धा थेंब, पुन्हा नाकाशी. बुरशी संपून मास्तर सुरू झाले की त्या जागी हात थांबवायचा. तेव्हापासून दरवर्षी त्याच आठवड्यात वहिनी यायच्या, सोमवारी पाइप द्यायच्या आणि शनिवारी न्यायच्या. दुकानात त्या तो कधी हुंगत नसत. रुमालात बांधायच्या, घरी न्यायच्या, खिडक्या लावून घ्यायच्या आणि संध्याकाळभर त्याला घेऊन बसायच्या. हे त्यांनी एकदा काडीवाल्यांच्या बायकोला सांगितलं होतं, आणि तिनं रात्री नवऱ्याला.

यंदाही सोमवारी वहिनी आल्या. गुडघ्यानं हैराण झाल्या होत्या, पायरी चढताना दाराला धरलं. "दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणार होता मुलगा," त्या म्हणाल्या, "मी म्हटलं, हा मीच नेणार." काडीवाल्यांनी पाइप हातात घेतला आणि सवयीनं नाकाशी नेला. नुसती हवा. तरी तोंडावर काही न दाखवता ते म्हणाले, "शनिवारी या वहिनी, होऊन जाईल."

मंगळवारी त्यांनी पाइपाला हात लावला नाही. बुधवारी नळी काढून आत पाहिलं, तर दांडीच्या तोंडाशी पांढरा ठिपका. बुरशी डोळ्यांना दिसत होती म्हणजे आत किती असेल कोण जाणे. कोरड्या काडीनं ती निघाली की नाही, कळायचं कसं? बुरशी तशीच राहिली आणि वहिनींना घरी गेल्यावर तीच आली तर? नाक असतं तर हा प्रश्नच नव्हता. नाक नव्हतं म्हणून भीती होती, आणि भीतीनं त्यांच्याकडून तेच करवून घेतलं जे ते आठ महिने प्रत्येक पाइपाशी करत आले होते. थोडंसंच मीठ, त्यांनी स्वतःला बजावलं, आणि दोनच तास.

वाटीत मीठ भरलं, स्पिरिट सोडलं, आणि घड्याळ समोर ठेवून काड्या वळत बसले.

पूर्वी त्यांना असल्या कामात घड्याळ लागत नसे. खोलीत वास सुटायला लागला की हात आपोआप थांबायचा. आता वास सुटला असेल, खोलीभर पसरला असेल, आणि त्याच्या मधोमध बसून हा भला माणूस निवांत काड्या वळत होता. दीड तास झाला असेल, तेवढ्यात मागच्या दारानं बायको आत आली, उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "अहो, आज मास्तर कसे काय आल्यासारखे वाटताहेत?"

काडीवाल्यांनी हातातली काडी टाकली. त्यांनी झटकन पाइप उपडा केला. मीठ काउंटरवर पडलं, तळापर्यंत तांबडं. चिमूट उचलून त्यांनी नाकाशी नेली, मग पाइप नाकाशी नेला, मग तो तसाच बायकोपुढे धरला.

"वास घे."

"काय झालं?"

"तू घे आधी."

तिनं घेतला. डोळे मिटून, सावकाश, तिचे वडील घ्यायचे तसा. "स्पिरिट," ती म्हणाली. "आणि लाकूड."

"आणि मास्तर?"

"मास्तर खोलीत आहेत. पाइपात नाहीत."

खिडकी उघडी होती. काडीवाले उठले, धावत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. काय उपयोग होता? पण त्या क्षणी जे सुचलं ते त्यांनी केलं. मग खिडकीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मला वास येत नाही. हिवाळ्यापासून."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"दूध तुमच्यापासून दोन हातांवर करपलं आणि तुम्ही पेपर वाचत होतात. मग मी तुमच्या खुर्चीखाली सडका बटाटा ठेवला. दोन दिवस. समोरची शेजारीण विचारायला आली, उंदीर मेलाय का म्हणून. तुम्ही आपले मजेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिनं काउंटरवरचं मीठ ओंजळीत गोळा केलं, पण टाकलं नाही, बशीत ठेवलं. "आठ महिने थांबले. मला का नाही सांगितलंत?"

काडीवाल्यांनी नाकाची आणि सासऱ्यांची ती सगळी गोष्ट अडखळत अडखळत सांगितली. ऐकून ती आधी रागावली, मग तिला हसू आलं, मग पुन्हा रागावली. "वडलांनी नाक बघून दिली असेल. मी काय नाक बघून आले होते? बघण्यासारखं आहे का ते?" आणि मग तिनं आपला हात त्यांच्या गालावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. दुकान उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती, तरी तिनं हात काढला नाही. काडीवाल्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि लगेच वहिनींची आठवण होऊन ते पुन्हा खचले.

शनिवारला तीन दिवस होते. बशीतलं मीठ बायकोनं हुंगून पाहिलं, तर त्यातही आता नुसतं स्पिरिट उरलं होतं. काडीवाल्यांनी खूप विचार केला आणि त्यांना एकच वाट दिसली. गेलेला वास परत भरायचा. मास्तरांची तंबाखू कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याकडे अजून मिळत होती. त्यानं यांना बघून डोळेच मोठे केले. "तुम्ही? आणि तंबाखू?"

"कामासाठी हवी आहे."

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात," तंबाखूवाला म्हणाला आणि पुडी बांधून दिली.

"ही लबाडी आहे हो," बायको म्हणाली.

"दुरुस्ती आहे," काडीवाले म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

मग सुरू झाला एक प्रकार, जो गल्लीतल्या कुणी पाहिला असता तर वर्षभर पुरला असता. मागच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर. एका खुर्चीत काडीवाले, जन्मात पहिल्यांदा पाइप तोंडात धरून, दुसऱ्या खुर्चीत त्यांची बायको, पदर खोचून, परीक्षा घ्यायला बसल्यासारखी. पाइप कसा भरायचा, कसा पेटवायचा, हे त्यांनी हजारो लोकांना सांगितलं होतं. स्वतः पेटवला तर पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की पाठ चोळून चोळून बायकोचा हात दुखला. पाइप विझला. पुन्हा पेटवला. पुन्हा विझला. निम्मी तंबाखू जळेपर्यंत त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. पाइप थंड झाल्यावर तिनं तो हुंगला.

"तंबाखू आहे," ती म्हणाली.

"आणखी?"

"आणखी तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवशी तीन वेळा. मास्तर तंबाखूच्या डबीत सफरचंदाची साल टाकायचे, वाळू नये म्हणून, ते काडीवाल्यांना आठवलं. बायकोनं सफरचंद सोललं, साल डबीत गेली, फोडी दोघांनी खाल्ल्या. यांना फोडींचीही धड चव लागली नाही, पण बोलले नाहीत. पुन्हा ओढणं, पुन्हा खोकणं, पुन्हा तिचं डोळे मिटून हुंगणं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र तिनं बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "जवळ आलंय."

"खरंच?"

"जवळ आलंय म्हटलं ना."

काडीवाले त्या रात्री शांत झोपले. सकाळी तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काल मी खोटं बोलले. तुमची दया आली म्हणून. ते मास्तर नाहीत. मी काय, आठवड्यातून दोनदा आतून बाहेर येताना त्यांचा वास घ्यायचे, तरी मला कळतंय. वहिनींना कळणार नाही होय?" काडीवाल्यांनी कप उचलला आणि चहा थंड होईपर्यंत ते तो तसाच हातात धरून बसले.

अकरा वाजता वहिनी आल्या. काडीवाल्यांनी ड्रॉवरमधून पाइप काढला. लखलखीत दिसत होता, नळी काळीभोर, लाकडाला तेलाचा हलका हात. वहिनींनी नेहमीसारखा रुमाल पसरला, त्यावर पाइप ठेवला, चारी टोकं एकत्र आणून गाठ मारली. "गुडघा काय म्हणतोय?" काडीवाल्यांच्या बायकोनं आतून विचारलं. "म्हणतोय बसून राहा," वहिनी म्हणाल्या, पिशवीत रुमाल ठेवला आणि दाराकडे वळल्या.

झालं होतं खरं तर. त्या इथे हुंगणार नव्हत्या. काडीवाल्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर वहिनींचं घर आलं. त्या खिडक्या लावून घेतील, खुर्चीत बसतील, गाठ सोडतील, आणि त्यांना कळेल. कळेल तेव्हा शेजारी कुणी नसेल, हे असं कसं झालं म्हणून कुणाला विचारताही येणार नाही. हे काही काडीवाल्यांना सोसवेना.

"वहिनी, थांबा," ते म्हणाले. "मला वास येत नाही. आठ महिने झाले. बुरशी गेली की नाही ते कळेना म्हणून मी याला मीठ लावलं. मास्तर गेले त्यातून. मग तुम्हाला कळू नये म्हणून मी त्यांची तंबाखू भरून तीन दिवस ओढला. आता त्यात जो वास आहे तो माझा आहे."

वहिनी दारातच होत्या. त्या परत आल्या, पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुकानात पाइप नाकाशी नेला. किती वेळ धरला ते सांगता येणार नाही.

"तंबाखू तीच आहे," त्या म्हणाल्या. "ते नाहीत."

मग त्या स्टुलावर बसल्या. "मुलाच्या हातात दिला नाही मी हा कधी," त्या म्हणाल्या. "सोमवारी सांगितलं असतंत तर बुरशीसकट परत नेला असता."

"हो."

"बुरशीसकट चालला असता मला."

"हो," काडीवाले म्हणाले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, कुणाला द्यावा ते न कळून मध्येच उभी राहिली, मग तिनं तो वहिनींपुढे ठेवला.

वहिनी पाणी प्यायल्या. पदरानं ओठ टिपले. मग म्हणाल्या, "तुम्ही ओढलात? तुम्ही?"

"हो."

"ठसका लागला?"

"अजून लागतोय."

वहिनींनी पाइप मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बोलायला लागल्या. "मला ना, वास होता एवढंच लक्षात राहतं. कसा होता ते राहत नाही. हुंगला की सगळं कळायचं, कपाटात ठेवला की दोन दिवसांत पुसट व्हायचं. वर्षभर मी वाट बघायचे. आता काय बघू?" मग मान वर करून विचारलं, "तुम्हाला आठवतो?"

काडीवाल्यांनी डोळे पुसले आणि मग मिटून घेतले. आठ महिन्यांत त्यांनी एकही वास मुद्दाम आठवला नव्हता. त्रास व्हायचा. पण एकेक वास वेगळा करून ओळखायचा, हेच तर काम त्यांनी जन्मभर केलं होतं, आणि हा पाइप त्यांनी दरवर्षी पाच दिवस नाकाशी धरला होता.

"सगळ्यात वर खडू," ते म्हणाले. "शाळेतून थेट इकडे यायचे ना. बोटांना असायचा. कोरडा, घशाला लागणारा. मग तंबाखू, ती सोडा, ती तुमच्या हातात आहे. तिच्याखाली लोकर. कोटाच्या खिशात ठेवायचे पाइप, आणि तो कोट कधीतरी भिजून नीट वाळला नव्हता."

"सहलीला गेले होते मुलांना घेऊन," वहिनी म्हणाल्या. "तिथे भिजला. किती बोलले होते मी."

"मग लवंग. नळीच्या डाव्या बाजूला जास्त."

"दाढ दुखायची डावी. काढायला घाबरायचे. भूमितीचे मास्तर, आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पाचावर धारण." त्यांच्या आवाजात हसू आलं होतं. "अजून?"

"नळीच्या टोकाला औषध. गोडसर. खोकल्याचं असावं. ते शेवटचं शेवटचं, वरवर लागलेलं. पहिल्या दोन वर्षांत गेलं ते, मी जाऊ दिलं. राहायला हवं होतं का?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "ते गेलेलंच बरं."

"आणि सगळ्यात तळाला, लाकडाच्याही आत, साबण."

"साबण? त्यांना कुठला साबण. हात धुवायला सांगून सांगून मी थकले."

"त्यांचा नव्हे," काडीवाले म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "मला सुरुवातीला कळेना कुणाचा. मग एकदा तुम्ही रुमाल सोडून पाइप माझ्या हातात दिलात, तेव्हा कळलं. तुमच्या हातांचा आहे तो. अगदी सुरुवातीपासूनचा, पाइप नवा होता तेव्हापासूनचा. तुम्ही भरून द्यायचात का?"

वहिनींनी आपल्या हातांकडे पाहिलं. काडीवाल्यांच्या बायकोनं काउंटरची कड धरली होती.

"रोज," वहिनी म्हणाल्या. "शाळेत जाताना. भांडी आवरून हात धुवायचे आणि भरून द्यायचे. लग्न झाल्यापासून." आणि मग त्या म्हणाल्या, "मला तो कधीच आला नाही."

"आपला आपल्याला कुठे येतो, वहिनी."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. वहिनींनी पाइप दोन्ही हातांत धरला, पाठ भिंतीला टेकली आणि त्यांनीही डोळे मिटून घेतले.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश."

काडीवाल्यांनी खडूपासून सुरुवात केली.